ताणलेला मज्जारज्जू

जमिनीवर मांडी घालून बसता येतं का? बेसिनवर जरासं वाकून भांडी घासत उभं राहता येतं का? तान्हं मूल कमरेशी धरून थोडा वेळ उभं राहवतं का? कॅलिफोर्नियातले न्यूरोसर्जन शोकेई यामादा यांनी कंबरदुखीच्या एका वेगळ्याच आजाराची खूण म्हणून या तीन कृतींकडे लक्ष वेधलं होतं. यातली एकही कृती जड कामाची नाही. पण तिन्हींमध्ये कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, पाठीच्या कण्यातली पोकळी किंचित लांबते आणि आतल्या मज्जारज्जूला खाली ओढ बसते. ज्याचा मज्जारज्जू मोकळा आहे त्याला ही ओढ जाणवतही नाही. ज्याचा खालच्या टोकाला अडकलेला आहे, त्याला मात्र कंबर, मांड्या, जांघा इथून कळा सुरू होतात. आपल्याकडे पंगतीला, पूजेला, भजनाला मांडी घालावीच लागते. ‘मला मेलं खाली बसवत नाही’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि गुडघ्यांवर ढकलून दिलं जातं. बहुतेक वेळा गुडघ्यांचंच दुखणं असतं, हेही खरं. पण क्वचित एखाद्या घरात ते मज्जारज्जूचं असतं.

या आजाराला डॉक्टर टेदर्ड कॉर्ड म्हणतात. लहान मुलांचा आजार म्हणून तो वैद्यकात जुना आहे. मोठ्या माणसांमध्येही तो असतो, आणि त्यावरची शस्त्रक्रिया कधी करावी, कोणावर करावी, तिच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे रुग्णाच्या घरातल्यांना नीट कळणं फार गरजेचं आहे. कारण या शस्त्रक्रियेचं यश ऑपरेशन थिएटरमध्ये जेवढं ठरतं, तेवढंच त्याआधीच्या महिन्या-वर्षांत ठरून गेलेलं असतं.

आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीएवढा असतो. त्यानंतर कणा झपाट्याने वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. त्यामुळे त्याचं खालचं टोक मणक्यांच्या तुलनेत वर वर सरकत जातं. जन्माच्या सुमारास ते कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याशी असतं, आणि पुढच्या काही महिन्यांत पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी येऊन थांबतं. त्याच्या खाली उरतात त्या पायांकडे, मूत्राशयाकडे, गुदद्वाराकडे जाणाऱ्या नसा, आणि त्यांच्या मधोमध एक बारीक, लवचीक धागा. हा अंत्यतंतू साधारण 20 सेंटिमीटर लांब असतो आणि मज्जारज्जूच्या टोकापासून माकडहाडापर्यंत जातो. माणूस वाकतो, वळतो, तेव्हा तो थोडा ताणतो आणि पुन्हा सैल होतो, म्हणून मज्जारज्जूला झटका बसत नाही.

हा धागा जाड आणि ताठ असला, त्यात चरबी भरलेली असली, तर त्याचं ताणणं-सैल होणं संपतं. एमआरआयमध्ये 2 मिलिमीटरपेक्षा जाड दिसला की डॉक्टर थबकतात. दावं बांधलेलं वासरू मोठं होत गेलं आणि दावं तेवढंच आखूड राहिलं, तर जे होईल ते इथे होतं. अडकण्याची कारणं आणखीही आहेत. मज्जारज्जूच्या टोकाला जन्मतःच चिकटलेली चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा. मज्जारज्जू मधोमध दुभंगून दोन्ही भागांमध्ये हाडाचा सुळका किंवा पडदा राहून जाणं. कमरेच्या कातडीपासून आतपर्यंत जाणारी बारीक नळी. आणि लहानपणी पाठीवरच्या जन्मजात फुग्याचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये जुन्या व्रणालाच मज्जारज्जू चिकटून बसणं. यातलं काहीही असलं तरी कमरेच्या मध्यावर केसांचा पुंजका, खोल खळगा, लाल डाग किंवा मऊ उंचवटा अशी खूण असू शकते. पण सगळ्यांना ती नसते. आणि असली तरी स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, त्यामुळे चाळिशीतल्या रुग्णाच्या बाबतीत ती खूण आईलाच आठवते.

ओढ बसल्याने नेमकं बिघडतं काय? मज्जारज्जूला दोन्ही बाजूंनी बारीक दातेरी पट्ट्यांनी आवरणाशी बांधलेलं असतं. या पट्ट्या छातीच्या शेवटच्या मणक्याच्या आसपास संपतात. त्यामुळे खालून येणारा ताण त्यांच्या वर फारसा पोहोचत नाही, तो सगळा त्यांच्या खालच्या तुकड्यावर पडतो. पाय, लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया यांची केंद्रं नेमकी त्याच तुकड्यात आहेत. यामादा यांनी 1981 मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ताणलेल्या मज्जारज्जूच्या पेशींना ऑक्सिजन वापरता येईनासा होतो. पेशी लगेच मरत नाहीत, त्यांचं ऊर्जेचं काम मंदावतं. ताण थोडा असेल तर सोडल्यावर काम पूर्ववत होतं. ताण मोठा असेल तर सोडूनही पूर्ण भरून येत नाही. मोठ्यांच्या शस्त्रक्रियेबद्दलची सगळी आशा आणि सगळी घाई या एका निरीक्षणावर उभी आहे.

मग दोष जन्मापासूनचा असताना त्रास पस्तिशी-चाळिशीत का सुरू होतो? 1982 मध्ये डॅकलिंग पँग आणि जेम्स विल्बर्गर या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 23 प्रौढ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि मोठ्यांच्या या आजाराला त्यामुळे स्वतःचा चेहरा मिळाला. त्यांचं म्हणणं असं, की जन्मतः ओढ मध्यम असेल तर मूल तगून जातं. पण पुढची वर्षानुवर्षं रोजच्या वाकण्या-उठण्यातून बारीक बारीक हिसके साठत जातात. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये त्रास सुरू होण्याला काहीतरी निमित्त सापडलं: पाय एकदम उंच ताणले जाणं, बाळंतपणात पाय वर बांधून झोपवणं, पाठीवर किंवा बैठकीवर आदळणं, वयोमानाने मणक्यांतली पोकळी अरुंद होणं. निमित्त नवं, पण दुखणं जुनं.

मुलांमध्ये पाऊल वाकडं होतं, कणा वाकतो, चालणं बिघडतं. मोठ्यांमध्ये सगळ्यात पुढे असते ती वेदना. तीही गादी सरकल्याच्या वेदनेसारखी एका पायातून शिस्तीत खाली उतरत नाही. ती पसरलेली असते. बऱ्याचदा दोन्ही पायांत, जांघेत, आणि विशेष म्हणजे गुदद्वाराच्या व जननेंद्रियाच्या आसपास, जिथली तक्रार माणूस चारचौघांत करत नाही. मग पायात अशक्तपणा येतो, तळव्यांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. आणि लघवी. ती धरून ठेवता येत नाही, किंवा जोर केल्याशिवाय होत नाही, किंवा होऊनही राहिल्यासारखी वाटते.

या शेवटच्या तक्रारीवर मला थांबायचं आहे. आपल्याकडे पाठदुखी सगळ्या गावाला सांगितली जाते, लघवीची तक्रार नवऱ्यालाही सांगितली जात नाही. बाई म्हणते, बाळंतपणानंतर व्हायचंच. पन्नाशीचा पुरुष प्रोस्टेट समजतो, मधुमेही माणूस साखरेवर घालतो. अस्थिरोगतज्ज्ञाकडे कंबर दाखवताना लघवीचा विषय निघत नाही, आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे कंबर कोणी तपासत नाही. दोन तज्ज्ञांच्या दोन फायलींमध्ये एकच आजार अर्धा अर्धा पडून राहतो. आणि मज्जारज्जू मोकळा केल्यावर सगळ्यात कमी सुधारणारी गोष्ट हीच असते. ज्या तक्रारीची सर्वांत जास्त लाज वाटते, तिच्याकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवं.

निदानासाठी मुख्य तपासणी एमआरआय. त्यात मज्जारज्जूचं टोक किती खाली आहे, अंत्यतंतू जाड आहे का, त्यात चरबी आहे का, गाठ किंवा दुभंग आहे का, हे दिसतं. काही ठिकाणी रुग्णाला पालथं झोपवूनही चित्र घेतात. मोकळा मज्जारज्जू पोटाच्या बाजूला सरकतो, अडकलेला मागेच राहतो. हाडाचा सुळका पाहायला सीटी स्कॅन लागतो. याच्या जोडीने युरोडायनॅमिक तपासणी झालीच पाहिजे: मूत्राशय भरताना आत दाब किती वाढतो, स्नायू आपोआप आकुंचन पावतो का, लघवीनंतर आत किती उरते. रुग्णाला जाणवण्याआधीच बिघाड इथे पकडला जातो, आणि ऑपरेशननंतर तुलना करायला आकडे हाताशी राहतात.

अडकलेला मज्जारज्जू सोडवण्याचा प्रयत्न नवा नाही. 1891 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जोन्स या शल्यचिकित्सकाने अशा रुग्णाची हकीकत दिली, ज्याला वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत काहीही त्रास नव्हता. कण्याचं हाड उघडून दाब काढल्यावर तो बरा झाला. म्हणजे या शस्त्रक्रियेच्या अगदी सुरुवातीलाच जवळजवळ प्रौढ रुग्ण उभा आहे. 1953 मध्ये अमेरिकेत गार्सो यांनी ताठ अंत्यतंतूमुळे त्रास झालेल्या तीन रुग्णांचं वर्णन केलं. 1976 मध्ये टोरांटोच्या बाल रुग्णालयातल्या हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 31 रुग्णांचा अनुभव मांडला आणि आजाराचं आजचं नाव रूढ केलं. पुढे एमआरआय आला आणि जे पूर्वी पाठीत रंगद्रव्य टोचून अंदाजाने पाहावं लागे, ते स्पष्ट दिसू लागलं. मोठ्यांमधलं निदान खऱ्या अर्थाने वाढलं ते तेव्हापासून.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. कारण फक्त ताठ अंत्यतंतू असेल, तर ती तुलनेने लहान असते. रुग्णाला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात. मांड्या, पोटऱ्या, पावलं आणि गुदद्वाराच्या स्नायूत बारीक सुया बसवतात, त्यांच्या तारा एका यंत्राला जोडलेल्या असतात. स्नायू सैल करणारं औषध भूल देताना सुरुवातीला दिलं, तरी त्याचा अंमल उतरू देतात, कारण पुढे नस ओळखायची आहे आणि त्यासाठी स्नायू जागा असला पाहिजे. कमरेच्या खालच्या भागात मध्यावर छेद घेऊन एक-दोन मणक्यांच्या मागच्या कमानीचा भाग काढतात. खाली मज्जारज्जूचं जाड आवरण दिसतं. मायक्रोस्कोपखाली ते मध्यरेषेवर उघडलं, की स्वच्छ पाण्यासारखा द्रव आणि त्यात तरंगणाऱ्या पांढऱ्या नसांचा झुपका समोर येतो.

या झुपक्यातून एकच धागा कापायचा असतो, बाकी एकालाही धक्का लागता कामा नये. डोळ्यांना काही खुणा दिसतात: अंत्यतंतू मध्यभागी असतो, त्याचा रंग नसांपेक्षा थोडा निळसर असतो, त्याच्या पृष्ठभागावर नागमोडी रक्तवाहिनी धावते, चरबी असेल तर पिवळी झाक असते. पण शल्यचिकित्सक डोळ्यांवर थांबत नाही. तो त्या धाग्याला अगदी सौम्य वीजप्रवाह देतो. नस असेल तर तेवढ्यानेही पायाचा किंवा गुदद्वाराचा स्नायू उत्तर देतो आणि यंत्रावर लाट उठते. अंत्यतंतू असेल तर पडदा शांत राहतो. प्रवाह कितीतरी पटींनी वाढवल्याशिवाय काहीच उमटत नाही. धागा पूर्ण सुटा करून, सगळ्या बाजूंनी फिरवून, पुन्हा एकदा तपासून मग त्यातली रक्तवाहिनी जाळतात आणि तो कापतात. छोटा तुकडा तपासणीसाठी पाठवतात. कापल्यावर वरचं टोक अनेकदा वर ओढलं जातं, ताण खरंच होता याची ती खात्री. मग आवरण इतकं घट्ट शिवावं लागतं की पाण्याचा थेंबही बाहेर येऊ नये.

लायपोमा असला तर गोष्ट बदलते. तिथे चरबी आणि मज्जारज्जू यांची सीमा स्पष्ट नसते, आणि काही नसा चरबीतूनच जातात. अल्ट्रासॉनिक उपकरणाने किंवा लेसरने चरबी थराथराने कमी करतात, चिकटलेल्या कडा सोडवतात. मज्जारज्जूला चिकटलेला शेवटचा पातळ थर सोडायचा की तोही काढायचा, यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. पँग यांचा आग्रह जवळजवळ सगळी चरबी काढण्याचा आहे. पुष्कळ शल्यचिकित्सक विशेषतः मोठ्या माणसांमध्ये एवढी जोखीम घेत नाहीत. दुभंगलेल्या मज्जारज्जूत हाडाचा सुळका असेल तर तिथे एक नियम कोणी मोडत नाही: आधी सुळका काढायचा, अंत्यतंतू नंतर. क्रम उलटला तर सुटलेला मज्जारज्जू वर सरकताना सुळक्यावर घासला जाऊ शकतो.

ऑपरेशननंतर एक ते तीन दिवस सपाट झोपवून ठेवतात, आतलं पाणी शिवणीवर दाबू नये म्हणून. पाणी गळणं हीच इथली नेहमीची गुंतागुंत. जखमेतून स्वच्छ पाणी येणं, बसल्यावर डोकं ठणकणं, जखमेखाली मऊ फुगवटा येणं, यातलं काहीही दिसलं तरी घरी वाट पाहू नये. त्याखेरीज जंतुसंसर्ग, पायात नवा अशक्तपणा, लघवीचा बिघाड वाढणं हे धोके आहेत. साध्या अंत्यतंतूत ते कमी, लायपोमात आणि दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनात लक्षणीय. संमतिपत्रावर सही करण्याआधी आपला प्रकार कोणता, हे प्रत्येक रुग्णाने विचारलंच पाहिजे, कारण नाव एक असलं तरी ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत.

फायदा किती? वेगवेगळ्या देशांतल्या अनुभवांतून चित्र बरंच सारखं निघतं. वेदना सगळ्यात चांगली उतरते, साधारण चारपैकी तिघांना किंवा त्याहून जास्त जणांना आराम पडतो. पायाची ताकद निम्म्या किंवा त्याहून थोड्या अधिक जणांमध्ये सुधारते, बाकीच्यांची बहुधा आहे तिथे टिकते. लघवीची तक्रार निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी लोकांमध्ये सुधारते, आणि वर्षानुवर्षांची असेल तर फारच क्वचित. पँग आणि विल्बर्गर यांनी 1982 मध्ये हेच लिहिलं होतं: वेदना आणि ताकद यांत समाधान, मूत्राशयाच्या बाबतीत निराशा. तेव्हापासून मायक्रोस्कोप सुधारले, नसा ओळखणारी यंत्रं आली, पण हा क्रम बदललेला नाही. यंत्रं ऑपरेशनमधली इजा टाळतात. दहा वर्षांच्या ताणाने आधीच झालेली इजा ती भरून काढू शकत नाहीत. म्हणून त्रास वाढत असलेल्या रुग्णाला ‘अजून सोसवतंय ना, मग बघू’ असं सांगणं मला पटत नाही. तिथे थांबण्याची किंमत रुग्ण मूत्राशयाने मोजतो.

मज्जारज्जू पुन्हा चिकटूही शकतो. व्रण भरताना तयार होणारे तंतू त्याला जुन्या जागी धरतात, विशेषतः लायपोमानंतर. अशा वेळी तोच भाग दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा उघडणं अधिकाधिक जोखमीचं होत जातं. यावर जपानमधून एक वेगळी वाट निघाली. 1995 मध्ये कोकुबुन यांनी मज्जारज्जूला हातच न लावता कणाच आखूड करण्याची शस्त्रक्रिया मांडली. छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथल्या मणक्याचा भाग काढून कणा साधारण 15 ते 25 मिलिमीटर आखूड करायचा आणि स्क्रू-सळयांनी जोडून टाकायचा. कणा आखूड झाला की आतली ओढ आपोआप सैल होते. हे मोठं ऑपरेशन आहे, रक्तस्राव जास्त होतो, हाड जुळायला महिने लागतात. पहिल्यांदाच निदान झालेल्या साध्या रुग्णासाठी ते नाही. पण व्रणांच्या जाळ्यात अडकलेल्या प्रौढासाठी हा पर्याय खरोखर विचार करण्यासारखा आहे.

आणि ज्यांनी ऑपरेशन करू नये असेही लोक आहेत. दुसऱ्याच कारणाने एमआरआय काढला आणि मज्जारज्जूचं टोक जरा खाली किंवा अंत्यतंतूत चरबीची रेघ दिसली, पण त्रास काही नाही, युरोडायनॅमिकही ठीक आहे, अशा प्रौढाला बहुतेक तज्ज्ञ नियमित तपासणीवर ठेवतात. याहून अवघड प्रश्न एमआरआय अगदी साधारण असलेल्यांचा आहे. टोक योग्य जागी, धागा बारीक, तरी ‘छुपा’ ताण असेल म्हणून अंत्यतंतू कापून घेण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. कॅनडात लघवी न सांभाळता येणाऱ्या अशा मुलांवर चिठ्ठी-पद्धतीने दोन गट करून एक छोटी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. धागा कापलेल्या आणि फक्त औषधोपचार घेतलेल्या मुलांमध्ये मोजता येण्याजोगा फरक दिसला नाही. मोठ्यांसाठी यापेक्षा भक्कम पुरावा नाही. त्यामुळे अस्पष्ट कंबरदुखीसाठी कोणी हा उपाय सुचवला, तर दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ज्यांचं मूत्राशय ऑपरेशननंतरही पूर्ण रिकामं होत नाही, त्यांचं आयुष्य तिथे संपत नाही. 1972 मध्ये मिशिगन विद्यापीठातले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडस यांनी दाखवून दिलं, की रुग्णाने स्वतःच दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं केलं, तर ते सुरक्षित असतं आणि मूत्रपिंडंही वाचतात. नळी निर्जंतुक नसली तरी चालते, हात आणि नळी स्वच्छ हवी आणि वेळ चुकता कामा नये. ऐकताना अंगावर काटा येतो, पण नर्सने दोन-चारदा शिकवलं की बहुतेकांना जमतं, आणि ते करत नोकरी, प्रवास, संसार करणारी माणसं पुष्कळ आहेत. ऑपरेशनच्या चर्चेतच हा विषय काढून ठेवावा, म्हणजे नंतर गरज पडली तर तो धक्का म्हणून समोर येत नाही. पुढची काही वर्षं ठरावीक अंतराने लघवीनंतर उरणाऱ्या पाण्याची सोनोग्राफी, मूत्रपिंडांची तपासणी आणि पायांच्या ताकदीची नोंद ठेवावी. वेदना परत आली किंवा लघवीची सवय बदलली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावं.